१२६ रुपये आणि बिलावरची पांढरी रेघ

फोर्टातल्या एका छोट्या कॅफेनं बिलात बळंच लावलेला सर्व्हिस चार्ज मी परत मिळवला. तक्रार करणं सोपं निघालं. तक्रार नेमकी कोणाच्या नावानं करायची हे शोधताना मात्र माझा जीव मेटाकुटीला आला, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे सगळं लिहितेय.

कॅफेचं नाव देत नाही. जुन्या दगडी इमारतीच्या तळमजल्यावर मोजकी टेबलं, काउंटरवर मोठं यंत्र. कॉफी खरोखर चांगली होती आणि टेबलावर आणून देणारा मुलगा फार अदबीनं वागला. आत्या कोल्हापूरहून पेन्शनच्या कामाला आली होती, बँकेतलं काम आटोपून आम्ही तिथं बसलो. दोन कापुचिनो ५६०, सँडविच ३६०, चीजकेक २८०. झाले १२००. बिल आलं १३८६ चं.

१२०० वर ५ टक्के जीएसटी म्हणजे ६०. मग १२६० व्हायला हवेत. मधे एक ओळ होती: ‘स्टाफ काँट्रिब्युशन १०%’, १२० रुपये. त्यावर कडी म्हणजे जीएसटी १२०० वर नाही, १३२० वर लावला होता. ३३ आणि ३३, एकूण ६६. म्हणजे मी न मागितलेल्या रकमेवर मीच करही भरायचा.

मी काउंटरवर गेले. म्हटलं, “हे काढून द्या.”

“मॅडम, ते सिस्टिममधूनच येतं. काढता येत नाही.”

“अहो, हा सर्व्हिस चार्जच आहे ना?”

“नाही मॅडम, तो बंद झाला. हे स्टाफसाठी आहे.”

आत्या मागून म्हणाली, “अगं, दे सोडून. एवढ्याशासाठी कशाला वाद?” तिच्या परतीच्या गाडीची वेळ होत आली होती, म्हणून मी यूपीआयनं पूर्ण पैसे भरले, बिलाचा फोटो काढला आणि निघाले. वेळ नसेल तर तुम्हीही असंच करा. पैसे भरले म्हणजे हक्क गेला असं होत नाही, उलट भरल्याचा पुरावा हातात राहतो. त्या मुलाला मी जाताना वेगळे पैसे हातात दिले. मला राग टीप देण्याचा नाहीच. माझ्या खुशीचे पैसे मालकानं परस्पर कापून घ्यायचे आणि ते मुलांपर्यंत पोचतात की नाही हे मला कळूही नये, याचा आहे.

नावाचा हा खेळ आला कुठून, तेही सांगते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली: हॉटेलानं किंवा रेस्टॉरंटनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानंही घ्यायचा नाही, द्यायलाच हवा अशी सक्ती करायची नाही आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटीही लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. ‘स्टाफ काँट्रिब्युशन’ हा शब्द मधल्या काळात, २०२३ मध्ये, त्याच प्रकरणातल्या एका अंतरिम आदेशातून पुढे आला. २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं याचिका फेटाळल्या, दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा खर्च भरायला लावला आणि तत्त्वं कायम ठेवली. पुढे अपील झालं. काउंटरवाला मला नंतर म्हणालाच, “मॅडम, ती केस अजून चालूये.” पण नुसतं अपील दाखल झालं म्हणून निकाल थांबत नाही, त्यासाठी स्थगितीचा वेगळा आदेश लागतो. हे वाक्य पाठ करून जा, समोरचा गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “व्यवसायाचं नाव, पत्ता, ईमेल आहे का? जेवढं नेमकं द्याल तेवढं बरं.” पाटीवरचं नाव मला माहीत होतं. पण त्या नावाच्या कॉफीच्या जागा शोधल्या तर निरनिराळ्या शहरांत निघाल्या, एकीचा दुसरीशी संबंध नाही. चुकीच्या दारात तक्रार गेली तर काय उपयोग? म्हटलं, आधी मालक कोण ते पक्कं करू. इथून अडकले.

बिलावर मालकाचं नाव नव्हतं, फक्त पाटीवरचं नाव आणि खाली जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा पंधरा चिन्हांचा क्रमांक. आणि त्या क्रमांकातून एक पांढरी रेघ गेलेली. त्यांच्या प्रिंटरच्या डोक्यातला एक ठिपका मेलेला असावा, कारण रेघ बिलाच्या वरपासून खालपर्यंत सरळ उभी होती आणि प्रत्येक ओळीतलं एकेक अक्षर खात गेली होती. ‘कापुचिनो’तलं अक्षर गेलं तर काही बिघडत नाही. जीएसटीआयएनमध्ये मात्र ती अशा ठिकाणी पडली की उरलेल्या तुकड्यावरून ते इंग्रजी बी आहे की ८, काही केल्या कळेना.

मी ऑफिस सुटल्यावर परत कॅफेत गेले. म्हटलं, बिल पुन्हा छापून द्या. “जुनं बिल निघत नाही.” मग तुमचा जीएसटी क्रमांक सांगा. “तो अकाउंटंटकडे.” ईमेल? “मालक देतील.” मालक कधी येतात? “काही नक्की नाही.” प्रत्येक उत्तर हसतमुखानं, आणि प्रत्येक उत्तर म्हणजे बंद दार. मी भिंती पाहिल्या. जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दिसेल असं लावणं आणि दारावरच्या पाटीवर क्रमांक लिहिणं नियमानं बंधनकारक आहे. पाटीवर क्रमांक नव्हता. प्रमाणपत्राबद्दल विचारलं तर “फाइलमध्ये आहे.” अन्नसुरक्षेचा परवानाही दर्शनी भागात लावायचा असतो आणि त्यावर परवानाधारकाचं नाव असतं. तो म्हणे रंगकामाला उतरवला होता. भिंतीला ताज्या रंगाचा मागमूस नव्हता. त्यांच्याच ग्राहकाला त्यांचं नाव कळू नये याची इतकी काळजी घेणारी माणसं कॉफीचा कप किती निगुतीनं भरतात हे मी समोर उभी राहून पाहत होते, आणि मला संताप येत होता.

तिथून मी पुन्हा पुन्हा त्याच रेघेकडे येत राहिले. फोटो मोठा केला, उजेड वाढवला, काळा-पांढरा केला. जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेअर’ म्हणून सोय आहे. लॉगिन लागत नाही, क्रमांक आणि खालचा कॅप्चा टाकला की नोंदणीचं नाव दिसतं. बी टाकून पाहिला, क्रमांक अवैध. पण ८ टाकण्याआधी मला खात्री हवी होती, कारण रेघेच्या शेजारचं अक्षरही अर्धवट होतं आणि अंदाजानं आकडे भरत बसले असते तर भलत्याच दुकानाचं नाव समोर आलं असतं.

मार्ग सुचवला आमच्या लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कागदावर पंधरा चौकोन काढले. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दहा म्हणजे मालकाचा पॅन. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर, हा क्रम कधी बदलत नाही. म्हणजे जीएसटीआयएनच्या तिसऱ्या ते सातव्या जागी अक्षरंच, आठव्या ते अकराव्या जागी आकडेच आणि बाराव्या जागी पुन्हा अक्षर. त्यांनी पेन्सिलीनं माझी पुसट जागा मोजली. नववी. “मग बी असूच शकत नाही. हा ८.” शेजारचं अर्धवट चिन्ह दहाव्या जागी, म्हणजे तोही आकडा, आणि त्याच्या गोलाईवरून तो ३ होता. शेवटचं, पंधरावं चिन्ह पडताळणीचं असतं, त्यामुळे एक चिन्ह चुकलं की क्रमांक जुळत नाही.

मी तिथेच फोनवर टाकला. नाव आलं! एक एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था), नोंदणीचा पत्ता त्याच इमारतीचा. मला उड्या माराव्याशा वाटल्या. सहाव्या जागी एफ होता, तोही जुळला. पॅनमधलं चौथं अक्षर मालकाचा प्रकार सांगतं: पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे भागीदारी किंवा एलएलपी. त्याच पानावर करदात्याचा प्रकार दिसतो, तो जरूर बघा. तिथे ‘कंपोझिशन’ (छोट्या धंद्यांसाठीची सोपी करयोजना) असेल तर त्या जागेला तुमच्याकडून जीएसटी घ्यायचाच अधिकार नाही. छोट्या कॅफेंच्या बाबतीत हे तपासण्यासारखं आहे. इथे ‘रेग्युलर’ होतं, म्हणजे ५ टक्के योग्य होते.

ताळा म्हणून यूपीआयचा व्यवहार उघडला. हल्ली ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचं बँकेतल्या नोंदीप्रमाणेचं नाव दिसतं, आणि तिथेही तीच एलएलपी. बिल फाटकं असेल, क्रमांक अजिबात वाचता येत नसेल, तर आधी इथंच बघा. ईमेल त्यांच्या क्यूआर मेन्यूच्या तळाशी, परताव्याच्या अटींमध्ये बारीक अक्षरात मिळाला. जो ईमेल मालकच देतील असं मला काउंटरवर सांगत होते, तो प्रत्येक टेबलावरच्या क्यूआर कोडमागे होता.

पुढचं झटपट झालं. १९१५ वर नाव, पत्ता, ईमेल दिला, संकेतस्थळावरून बिलाचा फोटो जोडला, तक्रारीचा क्रमांक मेसेजनं आला. मजकूर चार ओळींचा ठेवा: तारीख, रक्कम, काढायला सांगितलं आणि नकार मिळाला, एवढी रक्कम परत हवी. कॅफेत कोण कसं हसलं ते लिहू नका. आणि काढायला आधी तोंडी सांगितलेलं असणं महत्त्वाचं, कारण प्राधिकरणाच्या तत्त्वांमध्येही तीच पहिली पायरी आहे. नकाराचा पुरावा म्हणून मी कॅफेच्या बाहेर पडल्यावर त्यांच्याच नंबरवर व्हॉट्सॲप केला होता: “आत्ता सर्व्हिस चार्ज काढायला सांगितला, तुम्ही नकार दिलात.” उत्तर आलं नाही, पण दोन निळ्या खुणा आल्या. तेवढं पुरलं.

काही दिवसांनी एलएलपीच्या अकाउंटंटचा फोन आला. एकदम नरम आवाज. “मॅडम, पुढच्या वेळी दोन कॉफी आमच्याकडून.” मी म्हटलं, कॉफी नको, पैसे हवेत. मग १२० परत करायला तयार झाले. १२० नाही, १२६. त्यावरचा करही तुम्ही माझ्याकडून घेतलाय. तिकडे कॅल्क्युलेटरचा आवाज ऐकू आला. संध्याकाळी १२६ रुपये खात्यात जमा झाले, आणि तो मेसेज मी आधी आत्याला पाठवला. हे १२६ रुपये मला पगारासारखे कष्टाचे वाटतात, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पैसे मिळेपर्यंत तक्रार बंद करायला कबूल होऊ नका. ‘आधी बंद करा, मग देतो’ असं मलाही सुचवलं होतं. हेल्पलाइन वाद कोर्टाबाहेर मिटवण्यासाठी आहे, ती हुकूम काढत नाही. समोरचा दाद देत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वकिलाची सक्ती नाही, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं.

माझं काम अजून संपलेलं नाही. ऑफिसातली एक मैत्रीण मागच्या आठवड्यात तिथं जाऊन आली. ती ओळ बिलावर अजून छापली जाते. तिनं सांगितल्यावर लगेच काढली, पण ज्यांना ठाऊक नाही ते भरतातच. एकाला परत दिले आणि बाकीच्यांकडून घेत राहिले, हे मला मान्य नाही. म्हणून तिचं बिल आणि माझं बिल जोडून प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार पाठवली आहे. सोबत फोटोच दिले, कारण माझ्या मूळ बिलाचा कागद थर्मल होता आणि पाकिटात घासून, उन्हात तापून त्यावरची छपाई जवळपास गेली. तुमच्या बिलाचा फोटो टेबलावर असतानाच काढा, सरळ वरून, आणि जीएसटीआयएनची पंधराही चिन्हं वाचता येतात ना, ते तिथेच तपासा.