चाळीस मायक्रॉन

जुनी गाडी पाहायला जाताना आपण बरोबर ओळखीचा मेकॅनिक नेतो, इंजिन थंड असतानाच सुरू करून त्याचा आवाज ऐकतो, टायरच्या खाचा चाचपतो, आरसी आणि विम्याचे कागद उलटसुलट करून वाचतो. रंगाकडे मात्र नुसते पाहतो, तो तपासत नाही. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, आणि म्हणूनच जुन्या गाड्यांच्या बाजारात मळकी गाडी सहसा दृष्टीस पडत नाही. तिथल्या झगझगाटात मोठा वाटा तेलकट पॉलिशचा असतो. हे पॉलिश रंगावरचे बारीक ओरखडे काढून टाकत नाही, ते त्यांच्यात जाऊन बसते. ओरखडा बुजला की त्यावर प्रकाश विखुरत नाही आणि दहा वर्षांची गाडी दोन वर्षांची दिसू लागते. पुढे चार वेळा शाम्पूने धुतली की तेल निघून जाते आणि गाडी आपले खरे वय सांगते. तोवर फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सह्या होऊन ती आपल्या नावावर झालेली असते.

आमची पोलो अशीच घरी आली. फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यात २००९च्या अखेरीपासून २०२२पर्यंत पोलो तयार होत होती, त्यामुळे पुण्यात तिला परकी कुणी मानत नाही. रंग काळा. काळी गाडी घेऊ नये असे सांगणारे घरात आणि सोसायटीत भरपूर होते, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पांढऱ्या किंवा चंदेरी रंगावर जे सहज खपून जाते, ते काळ्या रंगावर लांबूनही डोळ्यांत भरते.

डिसेंबरातल्या तिरप्या उन्हात बॉनेटकडे पाहिले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती एकात एक गुंतलेल्या बारीक वर्तुळांचे जाळे दिसे. गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणारे, म्हणजे डिटेलिंगवाले, त्याला ‘स्वर्ल’ म्हणतात. गंमत अशी की ही वर्तुळे खरी नसतात. ओरखडे बहुतेक सरळच असतात, उभे, आडवे, तिरपे, जसा पुसणाऱ्याचा हात फिरला तसे. पण प्रकाशाला जे आडवे जातात तेवढेच चमकतात, बाकीचे दिसेनासे होतात, आणि चमकणाऱ्यांचे मिळून प्रतिबिंबाभोवती कडे तयार होते. डोके वीतभर बाजूला नेले की प्रतिबिंब सरकते आणि त्याच्याबरोबर ते कडेही सरकते. याचा अर्थ ओरखडे बॉनेटभर पसरलेले आहेत, फक्त एका वेळी त्यांतले थोडेच दर्शन देतात. हे कळल्यावर मी काही दिवस पार्किंगमध्ये मान हलवत गाडीभोवती फिरत असे, आणि शेजारच्या विंगमधल्या आजोबांनी माझ्या स्पाँडिलायटिसची काळजीने चौकशीही केली.

हे ओरखडे कोण पाडते, ते शोधायला फार लांब जावे लागत नाही. आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला येणारे मामा कष्टाळू आहेत, नागा करत नाहीत, पाऊस असला तरी काचा पुसून जातात. पण एका बादलीत आठ-दहा गाड्या उरकायच्या असल्या की तिसऱ्या गाडीपाशी पोहोचेपर्यंत त्या पाण्याचे काय झालेले असते, ते सांगायला नको. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूतले क्वार्ट्झ गाडीच्या रंगाच्या मानाने फारच कठीण. धुळीवरून ओले फडके फिरले की ते कण फडक्यात अडकतात आणि फडके सगळ्या गाडीवर हलक्या हाताने पॉलिशपेपर मारत जाते. त्यात आमच्याकडचे बोअरचे आणि टँकरचे क्षारयुक्त पाणी उन्हात वाळून पांढरे ठिपके सोडते, आणि कबुतरांच्या विष्ठेतले यूरिक आम्ल उरलेले काम करते. मामांना यात दोष देणे अन्यायाचे आहे. महिन्याला काही शे रुपयांत, नळाला पाणी नसलेल्या पार्किंगमध्ये, याहून वेगळे काही करून दाखवा असे त्यांनी म्हटले तर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

चिंचवडच्या बाजूला डिटेलिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाचे नाव मित्राने सुचवले. त्याने गाडीला फडके लावण्याआधी खिशातून रंगाची जाडी मोजायचे मुठीएवढे यंत्र काढले आणि एकेका पॅनेलवर टेकवत आकडे मोठ्याने वाचू लागला. छप्पर ११२, बॉनेट १०८, उजवे दोन्ही दरवाजे ११५च्या आसपास. डाव्या मागच्या दरवाज्यावर यंत्राने २६० दाखवले. त्याने तीन ठिकाणी टेकवून पाहिले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, “काका, हा दरवाजा बाहेर रंगवलाय.” विकणाऱ्याने एकही पॅनेल रंगवलेले नसल्याची ग्वाही दिली होती, हे मी त्याला सांगितले. “सगळेच देतात,” तो म्हणाला. “हजाराच्या वर आकडा गेला असता तर आत लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी, भरलीय म्हणून मी तुम्हाला बसवून चहा दिला असता. हे नुसतं रंगकाम आहे. पत्रा सरळ आहे.”

हे आकडे मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे. गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, तो आख्खी बॉडी द्रावणात बुडवून आणि वीजप्रवाह सोडून चढवतात. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट, आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते, आणि त्यांतला क्लिअर कोट ३५ ते ५०. आपण जिला रंगाची चमक म्हणतो ती या वरच्या, रंग नसलेल्या थराची चमक असते. उन्हातले अतिनील किरण अडवून खालचा रंग विटू न देण्याचे कामही तोच करतो. कारखान्यात हा थर साधारण १४० अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजून पक्का करतात, गॅरेजमधला रंग मात्र हार्डनर मिसळून ६० अंशांच्या आसपास किंवा नुसत्या हवेवर वाळवतात. त्यामुळे त्या डाव्या दरवाज्याच्या वाट्याला पुढच्या कामातही वेगळे पॅड आणि वेगळी मात्रा आली.

स्वर्ल याच क्लिअर कोटमध्ये असतात. ते घालवायचे म्हणजे ओरखड्याच्या तळाशी भोवतालचा थर आणून भिडवायचा. ‘पेंट करेक्शन’ हे नाव ऐकून काहीतरी नवे लावत असतील अशी बहुतेकांची समजूत होते. प्रत्यक्षात त्यात गाडीवर काही चढत नाही, गाडीचे थोडे कमी होते. चाळीसातले दोन-तीन मायक्रॉन गेले की गाडी लखलखते, आणि ते दोन-तीन परत येत नाहीत. मला हे ऐकून थोडा धसका बसला. चांगल्या डिटेलिंगवाल्याची पारख मी तरी यावरच करीन की तो घासायचे यंत्र कधी थांबवतो.

थांबण्याच्या आधीचे काम मात्र पाहण्यासारखे असते. शाम्पूच्या फेसाने धूळ फुगवून उतरवल्यावर त्याने गाडीवर एक द्रावण फवारले आणि मिनिटभरात बिनरंगी थेंबांचे जांभळे ओघळ वाहू लागले. ब्रेक घासताना उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात, त्यांच्याशी या द्रावणाची प्रक्रिया झाली की तो जांभळा रंग येतो. चाकांपाशी तर नुसता सडा पडला होता. मग त्याने मला एक पातळ प्लास्टिकची पिशवी दिली, हात तिच्यात घालून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवायला सांगितला. उघड्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रवाळ लागला. हे रवाळपण घालवायला ‘क्ले’ची वडी वंगणासारख्या पाण्यावरून सरकवत नेतात, आणि तिचा रंग बघता बघता काळपट होत जातो. पिशवीचा प्रयोग कुणीही घरी करून पाहावा. फुकट आहे, फक्त त्यानंतर मनाला स्वस्थता राहत नाही.

यानंतर बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेपची एक पट्टी. तिच्या एका अंगाला त्याने पॅडवर वाटाण्याएवढे कंपाउंड, म्हणजे रंग घासणारा लेप, घेऊन पॉलिशचे यंत्र चालवले. यंत्र दोन जातींचे असते. रोटरी नुसते गोल फिरते, झपाट्याने कापते, तापते, आणि कच्च्या हातात असले तर उन्हात तरंगल्यासारखे दिसणारे पट्टे, ‘होलोग्राम’, मागे सोडते. ड्युअल अॅक्शन, ज्याला हे लोक डीए म्हणतात, फिरता फिरता डुलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि वेळ जास्त लागला तरी धोका कमी. दारांच्या, बॉनेटच्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो, म्हणून तिथे टेप. बंपर प्लास्टिकचा, त्यातून उष्णता पसरत नाही आणि जाडीचे यंत्रही त्यावर चालत नाही, म्हणून तिथे हात आणखी हलका. काम झाल्यावर त्याने तो भाग अल्कोहोलच्या द्रावणाने पुसला. कंपाउंडमधले तेलही ओरखडे बुजवते. ते पुसून टाकल्यानंतर जी चमक उरते ती खरी. गाड्यांच्या बाजारातल्या पॉलिशमध्ये आणि या कामात फरक असेल तर तो या एका पुसण्यात आहे. त्याने टेप काढली, टॉर्च लावला. रेषेच्या एका बाजूला तेच राखाडी जाळे होते, दुसऱ्या बाजूला टॉर्चचा एकच स्वच्छ ठिपका.

मग त्याने विचारले की एका फेरीत सत्तरेक टक्के ओरखडे जातील, पंचाण्णव हवे असतील तर दोन-तीन फेऱ्या लागतील, काय करू? पंचाण्णवचा मोह त्या ठिपक्याकडे पाहून झाला होता, पण रोज हिंजवडीच्या रहदारीत उभ्या राहणाऱ्या हॅचबॅकला आरसा करण्यात मला अर्थ दिसेना. मी सत्तरवर समाधान मानले आणि मला वाटते त्यालाही ते पटले, निदान त्याने जास्त पैशांसाठी घोळ घातला नाही.

उरलेल्या तिसांत काही ओरखडे असे होते की नख अडकत होते. नख अडकले की तो ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा समजायचा. हॅंडलच्या मागच्या खोबणीत अंगठीने पडलेल्या रेघा, डिकीच्या ओठावर बॅगा ओढल्याचे चरे, आणि समोरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना बॉनेटच्या कडेवर अर्धचंद्राकार झालेली झीज. ही कशाची, ते मला उलगडेना. “हार,” तो म्हणाला. दसऱ्याला तारेत ओवलेला झेंडूचा हार बांधतात, तो सुकला तरी दिवाळीपर्यंत काढत नाहीत, आणि गाडी चालताना तार वाऱ्याने हेलकावत राहते. आधीच्या मालकाने गाडीची पूजा नेमाने केली होती, याचा आरसीपेक्षा भरवशाचा पुरावा बॉनेटवर होता. तो चरा तसाच ठेवला.

आतली सफाई हे वेगळे प्रकरण आहे आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सीटखालच्या रुळांत सुटी नाणी, शेव आणि खेड-शिवापूरच्या टोलची एक विटलेली पावती निघाली. एक गोष्ट मात्र ध्यानात राहिली: स्टिअरिंगचे कातडे चकाकत होते आणि मला ते चांगले वाटत होते, पण त्याने ब्रशने फेस करून पुसल्यावर ते एकदम मंद, निस्तेज झाले, कारण मूळचे ते तसेच होते, चकाकी होती ती हाताच्या तेलाची आणि घामाची. बाहेर जी चमक मिळवायला एवढा खटाटोप केला, तीच आत मळ म्हणून पुसून टाकायची होती.

शेवटी सिरॅमिक कोटिंगचा विषय निघालाच. पंढरपुरात विठ्ठलाच्या मूर्तीची झीज थांबावी म्हणून वज्रलेप करतात, तसाच हा प्रकार: घासायचे ते लेपाला घासावे, खालच्याला धक्का लागू नये. (देवाशेजारी हॅचबॅक बसवल्याबद्दल वारकऱ्यांनी क्षमा करावी.) सिलिकाचा हा लेप असतो फार पातळ, पण पाणी आणि मळ त्यावर धरत नाही, धुणे सोपे होते, हे खरे. जाहिरातींतल्या ‘९एच’ कठीणपणाचे मात्र ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे. तो आकडा पेन्सिलींच्या कसोटीतला आहे, सगळ्यात कठीण शिश्याने रेघ उमटत नाही एवढाच त्याचा अर्थ; हिऱ्याला दहा देणाऱ्या खनिजांच्या मोजपट्टीशी त्याचा संबंध नाही. वाळूचा कण आणि हाराची तार पेन्सिलीहून वाईट असतात. शिवाय लेपावर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात आणि बोअरचे पाणी असेल तर ते जिथे उभे तिथेच वाळून ठिपका सोडतात, हे कुणी आपणहून सांगत नाही. मी साधे सीलंट, म्हणजे रंगावरचा साधा संरक्षक लेप, लावून घेतले, जे काही महिन्यांनी घरी पुन्हा लावता येते.

खरा प्रश्न घरी आल्यावर मामांचा होता. दोन बादल्यांची पद्धत मी त्यांना समजावली, एकीत शाम्पू, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब, एका गाडीला दोन बादल्या? टँकर मोजतात इथं. चेअरमनसाहेब मला गेटातून आत घेतील का?” हा मुद्दा बिनतोड होता. मग अर्ध्या बादलीत झाकणभर मिसळायचे, नंतर पाणी न ओतता पुसून घ्यायचे द्रावण आणले, आणि मायक्रोफायबरची फडकी, प्रत्येक घडी एकदाच वापरायची अशी. मामांनी दोन दिवसांत हात बसवला, पण एक अट घातली: फडकी धुणे त्यांच्याकडे नाही. त्यामुळे रविवारी ती मी धुतो, घरच्या कपड्यांत मिसळायला परवानगी नसल्याने वेगळ्या टबात, आणि कपडे मऊ करणारे द्रव त्यांना न लावता, कारण त्याचा थर तंतूंवर बसला की फडके पाणी शोषत नाही. मामांनी आता हीच पद्धत शेजारच्या पांढऱ्या स्विफ्टवर सुरू केली आहे आणि तिचे ते महिन्याला दीडशे रुपये जास्त घेतात, असे परवा कळले. आमच्याकडे त्यांनी अजून दर वाढवलेला नाही.