दोन भागांच्या मधला काळ

शनिवार, रात्री. पणजी.

'बिढार' आज दुपारी वाचून संपलं. मालिकेतला पुढचा भाग, 'हूल', कपाटात आहे, पण चवथ होईपर्यंत तरी मी ते उघडणार नाही. घरात सगळ्यांना माझी ही सवय ठाऊक आहे आणि कुणालाच ती पटत नाही.

मालिकेतला एक भाग संपला की मला मध्ये मोकळा काळ लागतो. त्या काळात कविता वाचते, प्रवासवर्णनं वाचते. कादंबरी शक्यतो टाळते, कारण नव्या कादंबरीतली माणसं जुन्यांना बाजूला सारून जागा बळकावतात. चांगदेव पाटीलच्या बाबतीत तर हे मी कटाक्षानं पाळायचं ठरवलं आहे. भालचंद्र नेमाड्यांची ही चार पुस्तकं, 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल', १९७५ ते १९७९ या काळात आली. म्हणजे पहिल्या वाचकांनाही सगळी एकदम मिळाली नव्हती. चांगदेव प्राध्यापकी करत या गावातून त्या गावात जातो. कॉलेज नवं, खोली नवी, सहकारी नवे, घुसमट मात्र जुनीच. चारही पुस्तकं एका दमात वाचली तर ती गावं एकमेकांत मिसळून जातील अशी मला भीती वाटते. नोकरीपायी मी डिचोलीहून मडगावला आणि मडगावहून पणजीला आले. नव्या गावात सुरुवातीला आपल्याला नावानं हाक मारणारं कुणी नसतं, आणि ते दिवस भराभर जात नाहीत. मग त्याचे ते दिवस मी भराभर का उलटू?

पुढचा भाग हातात घेण्याआधी मागच्याची शेवटची वीस-तीस पानं पुन्हा वाचायची, हाही नेम आहे. फोनवर आयते सारांश मिळतात, कोण कुणाचा कोण ते सगळं कळतं. पण लेखकाचा सूर सारांशात येत नाही. तो कानात बसल्याशिवाय नवं पहिलं पान मला परकं वाटतं.

मधल्या काळाचं मोल मला खरं कळलं ते शेरलॉक होम्समुळे. आर्थर कॉनन डॉयलनं १८९३ मध्ये त्याला रायखेनबाखच्या धबधब्यापाशी संपवलं आणि १९०३ मध्ये परत आणलं. मधे बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची कथा आली, पण ती त्याच्या मृत्यूच्या आधीची म्हणून. तेव्हाच्या वाचकांनी दहा वर्षं होम्स गेला असं धरूनच काढली. आज एकाच जाडजूड खंडात सगळं मिळतं. पानं उलटली की होम्स जिवंत! मी तिथे मुद्दाम थांबले. खूण घालून पुस्तक मिटलं आणि एक अख्खा पावसाळा जाऊ दिला. नंतर, समोर उभा असलेला होम्स पाहून वॉटसनला भोवळ येते ते पान वाचलं, तेव्हा माझेही डोळे भरून आले. सलग वाचलं असतं तर असं झालं नसतं, याची मला खात्री आहे.

भाचा म्हणतो, "मावशी, सगळे भाग हाताशी असताना थांबायचं कशाला?" तो रात्र जागून संच संपवतो आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी त्यातलं सगळं सांगत बसतो. त्याचा तो आनंद मला दिसतो, म्हणून त्याला मी कधी अडवत नाही.

एका बाबतीत मात्र मी त्याच्याशी भांडते, आणि ती म्हणजे क्रम. सी. एस. लुईसच्या नार्निया या जादुई देशाच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक १९५० मध्ये आलं. नार्निया जन्माला कशी आली ते सांगणारं पुस्तक आलं १९५५ मध्ये, पण हल्लीच्या संचांत त्यावरच पहिला क्रमांक असतो. मला हे मुळीच मान्य नाही. बर्फाळ रानात एकटाच उभा असलेला दिव्याचा खांब पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो तिथे आला कुठून हे आपल्याला ठाऊक नसावं, तरच तो मनात राहतो. लेखकानं ज्या क्रमानं दिलं त्याच क्रमानं घ्यावं.

फास्टर फेणेला यातून पूर्ण सूट. भा. रा. भागवतांचा हा बनेश शाळकरीच राहिला, त्यामुळे गावच्या वाचनालयात जो भाग हाती लागेल तो आम्ही घ्यायचो आणि पुस्तक बदलायला जाताना रस्ताभर त्याच्यासारखं 'ट्टॉक' करत जायचो. काही बिघडलं नाही.

सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा वरवर तसाच वाटतो. प्रत्येक प्रकरण सुटं, कुठूनही सुरू करा. पण तिथली मैत्री क्रमानं वाढते. पहिली कथा १९६५ची, दार्जिलिंगमधली. तिच्यात फेलूदा आणि त्याचा नात्यातला भाऊ तोपशे, दोघेच. लालमोहनबाबू, म्हणजे रहस्यकथा लिहिणारे जटायू, १९७१च्या 'सोनार केल्ला'त आगगाडीच्या डब्यात भेटतात आणि मग बहुतेक कथांत बरोबर राहतात. मला ते फार प्रिय आहेत. दोघांचे तिघे झाल्यावर घरात कुणी राहायला आल्यासारखं वाटतं, आणि ते वाटण्यासाठी आधी दोघांबरोबर राहिलेलं असावं लागतं.

पणजीच्या पाट्टो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी जाते ते बरंचसं यासाठीच. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय. तिथून एका वेळी एकच भाग आणायचा हे मला जमतं. अख्खा संच विकत घ्यायला हात धजत नाही. आमच्या या दमट हवेत न उघडलेल्या पुस्तकांना पावसाळ्यात बुरशी धरते, आणि मी तर पुस्तकं महिनोन्महिने न उघडणारी. म्हणून आवडलेली मालिका एकेक करून घेते. दोन वेगळ्या आवृत्त्यांचे भाग शेजारी उभे राहिले की कपाट विजोड दिसतं, पण कुठलं पुस्तक कधी घेतलं ते त्यावरूनच मला आठवतं.

अशोक जैन यांनी मराठीत आणलेला फेलूदा भाच्यानं अजून वाचलेला नाही. उद्या त्याला सुरुवातीची कथा नेऊन देणार आहे. पुढची त्यानं संध्याकाळीच मागितली तरी देईन. फक्त 'सोनार केल्ला'च्या आधी जटायू असलेलं एकही पुस्तक त्याच्या हाती लागू देणार नाही.