कोंड्यातल्या अळ्या आणि मुंगळ्यांची राणी

गेल्या जूनमध्ये, परभणीत पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी, अंगणातल्या दिव्याखाली पंख गळालेली मुंगळ्यांची राणी सापडली. पाणी व कापूस भरलेल्या काचेच्या नळीत ठेवलेल्या त्या एकटीच्या वसाहतीत आज 18 कामकरी आहेत (या सगळ्या माद्याच असतात). त्यांच्यासाठी मी गव्हाच्या कोंड्यात मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) वाढवतो. ओलाव्याला गाजराचा तुकडा पुरतो. पाणी शिंपडले की बुरशी येते, हे एक डबा गमावून शिकलो. आज गरम पाण्यात मारलेली अळी कापून आत ठेवली. प्रौढांचे साखरपाण्यावर भागते, प्रथिने मुख्यतः पिल्लांना हवी असतात. एकीने तो तुकडा ओढत पिल्लांपाशी नेला आणि एका इवल्या पांढऱ्या पिल्लाने मान वळवून त्याला तोंड लावले, तेव्हा मी श्वास रोखून पाहत राहिलो.