‘कारण’ या रकान्यात काय लिहू?

महाप्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी आहे, माल साठवण्याची आणि पोचवण्याची. मी एचआरला. दर एप्रिलमध्ये बढत्यांची मीटिंग होते, तिचं टिपण माझ्याकडे असतं. ठरवायचा अधिकार मला नाही. कोण काय म्हणालं ते टाइप करायचं आणि शेवटी सह्या घ्यायच्या.

त्या दिवशी डिस्पॅचच्या सहायक मॅनेजरची जागा होती आणि नावं दोन. त्यातला एक आमचा घणसोलीचा आगरी सुपरवायझर. अख्खं ऑफिस त्याला ‘दादूस’ म्हणतं, मी दादा म्हणते. रात्री जेएनपीटी बंदराला निघालेला कंटेनर कुठे अडकला की वॉचमनसुद्धा आधी त्याला फोन लावतो, मग साहेबांना.

त्याचं नाव निघालं आणि एक मॅनेजर म्हणाले, “दादूसला वर घेतलं तर मे महिन्यात डिस्पॅचला कुलूप लावा. रोज कुणाची तरी हळद!” सगळे हसले. दुसऱ्यांनी पुढे ओढलं, “आणि त्याला पगारवाढ कशाला हवी? साडेबारा टक्क्यांत टॉवर उभा असेल.” गळ्यातल्या सोन्यावरही एक जोक झाला. मग चहा आला आणि चर्चा सरळ दुसऱ्या नावावर गेली.

मी मात्र अडकले. फॉर्मवर ‘न निवडण्याचं कारण’ असा रकाना आहे, तो कोरा सोडता येत नाही. मी विचारलं, “सर, कारण काय लिहू? हळद की टॉवर?”

“अहो मॅडम, गंमत चालली होती.”

“हो, पण गंमत सोडून काय लिहू?”

कुणालाच काही सुचेना. विनोद कुणी कारण म्हणून केलेला नव्हता, हे मलाही मान्य आहे. तरी पाच माणसं हसली आणि एक नाव बाजूला पडलं.

रजेचा हिशेब लॅपटॉपवर होताच, तो मी स्क्रीनवर लावला. गेल्या मे महिन्यात दादाच्या दोन रजा, दोन्ही पुतणीच्या लग्नाच्या. बाकी सगळा महिना त्याची हजेरी रात्रपाळीला. त्याच पानावर माझ्याही रजा दिसत होत्या. गणपतीला मी दर वर्षी आठवडाभर देवगडला जाते. त्यावरही जोक होतात, ‘चाकरमानी पळाले’ वगैरे. पण आमचे मोठे साहेबच कणकवलीचे, त्यामुळे त्या जोकची मला कधी झळ लागली नाही. दादाच्या बाजूचं त्या खोलीत कुणीच नव्हतं.

टॉवरचं म्हणाल तर, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. दादाच्या घरी तो भूखंड पाच भावांच्या पोरांत वाटला गेला. त्याच्या वाट्याला एक फ्लॅट आला, त्यात आई, बायको, दोन मुलं आणि हा. हे मला ठाऊक होतं, कारण गृहकर्जाच्या पत्रावर सही माझीच होती. कर्जाचं मी मीटिंगमध्ये अर्थातच बोलले नाही.

सरदारांवरच्या विनोदांवर बंदी आणा म्हणून एक शीख वकील बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. नागरिकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही, असं न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये सांगितलं. मला ते पटतं. डब्याच्या टेबलावर कोण कशाला हसतं यावर पहारा बसवायची माझीही इच्छा नाही. पण बढतीच्या टेबलावरचं हसू टिपणात यायलाच हवं, या मतावर मी ठाम आहे.

शेवटी जागा दुसऱ्याला गेली. त्याला सॅप हे सॉफ्टवेअर येत होतं, दादाला नव्हतं. हे मात्र खरं कारण होतं आणि रकान्यात तेच गेलं, खाली दादाच्या सॅप ट्रेनिंगची शिफारस. दोघा साहेबांनी सही करताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी भिवंडीच्या गोदामाची जागा निघाली, तेव्हा दादाच्या नावावर फार चर्चा झाली नाही, त्याला मिळाली.

मीटिंगमधलं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. एकदा कँटीनमध्ये म्हणाला, “मॅडम, जोक तर मीच जास्ती करतो आमच्यावर.” करतोच. डीजेपुढे नाचणाऱ्या मामाची नक्कल त्याच्याइतकी कुणाला जमत नाही. पण त्याची आत्या धवलारीण आहे, लग्नविधींत रात्र रात्र धवला गाते, हे साहेबांच्या जोकमध्ये कधी येत नाही. मी त्याला म्हटलं, “निदान साहेबांसमोर नको करू.” त्याला ते अजिबात पटलं नाही. “त्यांच्यासाठी मी हसायचं सोडू का?”

यावर आमचं अजून एकमत नाही. परवाच्या डब्याला त्याने मामाची नक्कल पुन्हा केली. कणकवलीचे साहेब शेजारीच होते, आणि हसून हसून माझी सोलकढी सांडली.