बाकावरचे धावपटू

आज दुपारी ऑफिसातल्या मित्रांच्या फँटसी फुटबॉल लीगचा ड्राफ्ट झाला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंतून प्रत्येकाने आपापला कागदावरचा संघ निवडला; ते सामन्यात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. बारा संघ, प्रत्येक निवडीला ९० सेकंद. लॅपटॉपशेजारचा चहा गार होऊन वर साय धरली, तरी हात लावला नाही. शेवटच्या फेऱ्यांत मी तीन राखीव रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू, उचलले.

लेक म्हणाली, "बाबा, हे तर बाकावर बसणारे!"

मग तिला २०१८ची गोष्ट सांगितली. कराराच्या वादात पिट्सबर्ग संघाचा मुख्य रनिंग बॅक लेव्हिऑन बेल अख्खा हंगाम खेळला नाही. जागा मिळाली जेम्स कॉनरला. कॉलेजात असताना कॅन्सरमधून उठलेला पोरगा तो! १३ सामन्यांत ९७३ यार्ड धावला, १२ वेळा चेंडू गोलरेषेपार नेऊन टचडाउन केले. आजही सांगताना अंगावर काटा येतो. २०२४ला सॅन फ्रान्सिस्कोचा मुख्य रनिंग बॅक मॅकॅफ्री पहिल्याच सामन्याला मुकला, तर त्याच्या जागी आलेल्या जॉर्डन मेसनने १४७ यार्ड काढले.

रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, जायबंदी झाला की त्याच्या वाटचे पास चौघांत विभागले जातात. रनिंग बॅकचं तसं नाही, बहुतेक वेळा चेंडू सरळ दुसऱ्याच्या हातात येतो. म्हणून मी राखीव रिसीव्हर फारसे घेत नाही.

तिसऱ्या नावाचं बटण मग तिनंच दाबलं. आता रविवारी त्याचा सामना आम्ही दोघं मिळून बघणार आहोत.