बाईंचा झेंडू

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा फोन आला तेव्हा "शाळेवर लिहिते" म्हणाले खरी. पण लिहायला बसले आणि बाईंवरच आले. गॅदरिंग, कबड्डीची ढाल, मुख्याध्यापकांची छडी यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. बाई म्हणजे विज्ञानाच्या बाई. आमच्या बॅचला आडनाव सांगावं लागत नाही.

फुलाचा धडा त्या फळ्यावर शिकवत नसत. जास्वंद हातात आली तरच धडा सुरू. जास्वंदच का, तर तिच्यात सगळं मोठं आणि उघडं. खाली निदलपुंज म्हणजे हिरव्या निदलांचा पेला, मग पाच पाकळ्यांचा दलपुंज आणि मधून बाहेर डोकावणारी ती पुंकेसरांची नळी. बाई अर्ध्या ब्लेडने नळी उभी चिरायच्या, की आतून कुक्षिवृंत, म्हणजे अंडाशयावरची बारीक दांडी, अलगद सुटा व्हायचा. त्याच्या टोकाला पराग झेलणाऱ्या कुक्षीचे पाच मखमली लाल ठिपके, तळाशी अंडाशय. तो आडवा कापला की आत पुन्हा पाच कप्पे. नुसती नावं घडाघडा म्हणणाऱ्याला त्या खाली बसू द्यायच्या नाहीत. "नाव सांगितलंस, आता काम सांग." मग आम्ही अडखळत सांगायचो: निदलं कळीला जपतात, पाकळ्या किड्यांना बोलावतात, परागकोषात पराग तयार होतात, कुक्षीवर पडलेल्या परागकणाला नलिका फुटते, ती थेट बीजांडापर्यंत जाते, आणि मग बीजांडाचं बी अन् अंडाशयाचं फळ होतं.

आम्ही नववीत होतो ते 1982 साल. जानेवारीत मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि दसरा आला तरी मिटायचं नाव नव्हतं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील घरी बसलेले, माझेही. एरवी खंडेनवमीला वडिलांच्या खात्यात साच्यांना, म्हणजे मागांना, हार चढायचे, आम्ही पोरं नवे कपडे घालून गिरणी बघायला जायचो. त्या वर्षी पूजाच नाही. अशात बाईंनी 'उद्या प्रत्येकाने जास्वंद आणा' म्हटलं असतं, तर दादरच्या फुलगल्लीत जाऊन फुलं विकत कोण घेणार होतं? बाईंनी ते म्हटलंच नाही. शाळेतल्या सरस्वतीपूजनाचं तोरण सुट्टीनंतरही दारावर सुकत लटकत होतं. ते त्यांनी शिपाईमामांकडून उतरवून घेतलं आणि प्रत्येक बाकावर एकेक झेंडू ठेवला.

"हे किती फुलं आहेत?"

"एक," सगळा वर्ग ओरडला.

बाईंनी झेंडू मधोमध फाडला. आपण जिला पाकळी म्हणतो ती एकेक खेचून काढायला लावली. प्रत्येकीच्या बुडाला एक बारीक काडी होती. तो तिचा स्वतःचा अंडाशय, आणि तीच पुढे वाळून झेंडूचं काळं बी होते. म्हणजे प्रत्येक 'पाकळी' हेच एक अख्खं फूल! खालचा हिरवा पेला हा निदलपुंज नव्हेच, ती सगळ्यांची मिळून असलेली सहपत्रं, म्हणजे फुलांच्या बुडाशी असणारी हिरवी पानं. मधल्या बारक्या नळीसारख्या फुलांत परागकोष एकमेकांना चिकटलेले असतात आणि कुक्षिवृंत वाढताना आतला पराग पिचकारीच्या दट्ट्यासारखा वर ढकलतो. हे आम्हाला डोळ्यांनी दिसलं नाही, बाईंनी सांगितलं. पण तोवर बाकावर फुलांचा असा ढीग पडला होता की त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी आम्ही मानलं असतं. आमच्यातला एक मोजतच राहिला. मधली सुट्टी झाली तरी त्याचं मोजणं चालूच. फुकटात मिळालेल्या त्या झेंडूवर झाला तसा तास पुढे कॉलेजातही माझ्या वाट्याला आला नाही.

मी पुढे बँकेत लागले, शाखाधिकारीही झाले. जीवशास्त्राशी संबंध सुटला असं वाटलं होतं. मग मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीत ड्रममध्ये दुधी लावला. रोज फुलं गळायला लागली, तेव्हा सेक्रेटरी साहेब औषध फवारायला निघाले. मी म्हटलं, थांबा. लांब बारीक देठाची ती नर फुलं, ती गळणारच. ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो ते मादी फूल. तो इवला दुधी म्हणजेच अंडाशय. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याला रात्रीचे पतंग लागतात. ते अकराव्या मजल्यावर फिरकत नसावेत, म्हणून नर फूल तोडून मीच कुक्षीवर फिरवते. आता आमच्या विंगमध्ये दुधी विकत आणावा लागत नाही. हे जरा मिरवतेच आहे, पण बाईंचंच श्रेय मिरवते आहे.

मध्यंतरी शाळेत डोकावले. प्रयोगशाळेत मोठा स्मार्ट बोर्ड आहे आणि त्यावर फूल गोल फिरतं. छान आहे. पण कुंपणालगतची जास्वंदीची रांग गेली, तिथे पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग केलंय. मराठी माध्यमाची एकच तुकडी उरली आहे, त्याला आपण काय करणार! पार्किंगचं मात्र करता येईल. स्मरणिका समितीला माझी विनंती आहे की भिंतीकडेचे ब्लॉक काढू द्यावेत. लाल जास्वंदीला आपल्याकडे बी क्वचितच धरतं, ती फांदीवरूनच लागते. माझ्या गच्चीत फांद्या मुळं धरून तयार आहेत. माती आणि खत मी आणते, पाणी घालायला नववीची पाळी लावा.