रिपर्कशन्स म्हणजे पडसाद, पण कडू

लॅटिन मुळात या इंग्रजी शब्दाचा (repercussions) अर्थ उलटून आदळणे. तबला-ढोलकीला पर्कशन म्हणतात, तेही याच घराण्यातलं. म्हणून मराठीत ‘पडसाद’ चपखल बसतो. फक्त पडसाद चांगलेही असू शकतात, रिपर्कशन्स बहुधा नकोसेच.

८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी आली. लासलगावच्या बातमीत लिहायचं तर: ‘द बॅन हॅड सीरियस रिपर्कशन्स फॉर ओनियन ग्रोअर्स.’ ज्याला झळ बसते त्याच्याआधी ‘फॉर’, ज्या कृतीमुळे बसते तिच्याआधी ‘ऑफ’. क्रियापद ‘हॅव’ किंवा ‘फेस’. ‘गिव्ह रिपर्कशन्स’ हे आपल्या ‘परिणाम देणे’चं शब्दशः भाषांतर, इंग्रजीत चालत नाही. शब्द जवळपास नेहमी अनेकवचनी येतो आणि उच्चारात जोर ‘कश’वर.

घोळ होतो तो ‘दुष्परिणामा’मुळे. गोळी घेऊन मळमळलं तर ते साइड इफेक्ट. द्राक्षबागेवर गारपीट झाली, मणी फुटले, तर ते सरळ डॅमेज. त्यामुळे निर्यातीचे सौदे मोडले, मजुरांचं काम गेलं, कर्जाचे हप्ते थकले, तिथे रिपर्कशन्स. घाव आणि त्याची पुढे पसरत गेलेली झळ यांत अंतर हवं. आणि सोसायटीच्या पार्किंगच्या नोटिशीत हा शब्द नकोच, उगाच धमकी वाटते.